न ओरडण्याचा सराव

रोझलिन,

तुझ्या अंत्यविधीला आपल्या शाळेचे सगळे पालक कुजबुजत बोलत होते, हे तुला सांगून खरं वाटणार नाही. ज्यांची हाक भर वाऱ्यात एका होडीवरून दुसऱ्या होडीपर्यंत पोचते, ती माणसं चर्चच्या आवारात एकमेकांच्या कानाला लागली होती. आपल्या सान्वीचा बाबा नंदू हार घेऊन माझ्याजवळ आला आणि काहीतरी पुटपुटला. मला कळेना. तो परत पुटपुटला. शेवटी मीच म्हटलं, "मोठ्यान बोल रे, काय ता," आणि माझा आवाज थेट वेदीपर्यंत गेला. सगळ्यांच्या माना वळल्या. फादरसुद्धा थांबले. बिचारा एवढंच विचारत होता, "बाई, हार खंय ठेवचो?"

म्हणजे तुझ्यासमोर ओरडणारी मी एकटीच निघाले. तू असतीस तर डोळे मिटून मान हलवली असतीस आणि मग दिवसभर ते आठवून हसत बसली असतीस. मलाही तिथेच हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते तुझ्या नवऱ्याने, जोकीमने, पाण्याचा ग्लास आणून देईपर्यंत थांबेना.

पेपरात तुझ्याबद्दल थोडक्यात आलं आहे. कुठल्या गावची, सेवा किती झाली, मागे कोण कोण, सगळं नीट छापलंय. ते मी इथे परत लिहीत नाही. आपल्या दोन शिक्षकी शाळेत तू पहिली-दुसरी सांभाळायचीस आणि मी तिसरी-चौथी, मधे एक लाकडी पार्टिशन, एवढं पुरे. त्या पार्टिशनपलीकडून तुझा आवाज कधी माझ्या वर्गात आला नाही. माझा मात्र रोज तुझ्याकडे यायचा. तुझ्या पहिलीच्या पोरांना तिसरीचे पाढे पाठ झाले होते, ते कोणामुळे हे मला सांगायला नको.

मला खरं तर आपलं भांडण पुढे न्यायचंय. ते अर्धवट टाकून तू गेलीस, आणि अर्धवट टाकणं तुझ्या स्वभावात नव्हतं.

भांडण फोनचं. साथीच्या काळात आपणच घरोघरी फिरलो होतो, पोरांच्या हातात फोन द्या, अभ्यास पाठवतो म्हणून. आयांनी दिले. मग शाळा उघडली, पोरं परत आली, फोन काही परत गेला नाही. तारकर्लीपर्यंत घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या, खोल्यांसाठी वायफाय, आणि आई जेवणाच्या ऑर्डरी करण्यात गुंतलेली. पोरगं कोपऱ्यात शांत बसलंय म्हटल्यावर कोण कशाला बघायला जातंय. दुसरीतलं पोर मला गेममधल्या बंदुकांची नावं धडाधड सांगायला लागलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तक्ता करून भिंतीवर लावला, फोनला हात लावणाऱ्याला खेळाच्या तासाला बाहेर उभं करण्यात येईल. अक्षर काय सुंदर काढलं होतं मी.

तू तो तक्ता शांतपणे वाचलास आणि म्हणालीस, "सुलभा, बंदी घातल्यार पोरां फोन सोडणत नाय गो. सांगूचा सोडतत."

मी म्हटलं, तू त्यांना डोक्यावर बसवतेस. तू म्हणालीस, डोक्यावर बसलेलं पोर निदान दिसतं तरी. असलं काही बोलून तू आपली क्रोशाची सुई काढायचीस. मग तुझ्याशी भांडण्यात काही अर्थ नसायचा.

ती सुई. मधल्या सुट्टीत तू पायरीवर बसायचीस, मांडीत पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा, आणि टेबलावरचं ते कापड विणत राहायचीस. आम्ही सगळे म्हणायचो, पुढच्या नाताळापर्यंत तरी होतंय का बघूया. कितीतरी नाताळ गेले. मला बरेच दिवस वाटायचं की तू वेळ घालवतेस. मग माझ्या लक्षात आलं की पोरं तुझ्याजवळ येऊन बसतात आणि समोर बघत बोलतात. तू वर बघायची नाहीस. "हां," म्हणायचीस, एक टाका घ्यायचीस, परत "हां." पोर मांजराच्या पिल्लापासून सुरू करायचं आणि बघता बघता घरातलं काय काय बोलून जायचं. माझ्याकडे आलेलं पोर मी चष्म्यातून रोखून बघितलं की "काय नाय बाई" म्हणून पळायचं.

सान्वी माझ्या वर्गातली, गेल्या वर्षी तिसरीत होती. पण सांगायला ती तुझ्याकडे आली. मला ते लागलं होतं, रोझलिन. तुला मी तेव्हा म्हटलं, बरं झालं तुझ्याकडे आली, पण आतून जळत होते.

गेममध्ये तिला एक ताई भेटली होती. ताई रोज खेळायची, हरायची, सान्वीला शाबासकी द्यायची. मग म्हणाली, घराचा फोटो पाठव. तो पाठवला. मग म्हणाली, शाळेच्या कपड्यातला तुझा पाठव. तोही गेला. मग म्हणाली, आता आणखी एक पाठव, कसा ते मी सांगते, पण आईला सांगू नको, आपली गंमत. इथे ती पोर अडखळली आणि मधल्या सुट्टीत तुझ्या पायरीवर येऊन बसली. तू टाका घेतलास आणि म्हणालीस, "बरा केलंस सांगितलंस."

एवढंच. "फोन कोणी दिला?" नाही, "फोटो का पाठवलास?" नाही. मी खिडकीआडून ऐकत होते आणि माझ्या जिभेवर हे सगळे प्रश्न ओळीने उभे होते. तू तिच्या आईला, अक्षताला बोलावून घेतलंस. ती रडत रडत सगळं पुसून टाकायला निघाली, तेव्हा तू तिचा हात धरलास. "पुस नको. ह्याच दाखवचा आसा." मग आपण तिघी पोलिसांकडे गेलो. तिथे तू शुद्ध मराठीत असं काही बोललीस की मला वाटलं शिक्षणाधिकारी आल्यात. त्यांनी सगळं लिहून घेतलं, पुढे सायबरवाल्यांकडे पाठवलं, त्या ताईला कसं बंद करायचं तेही दाखवलं. ती ताई कोण होती हे काही कळलं नाही. ताई होती की कोणी बाप्या, तेही नाही.

ते सगळे मेसेज मी नीट बसून वाचले, तू चहा करत होतीस तेव्हा. आणि तिथे एक गोष्ट मला दिसली, तुला नाही. एवढं श्रेय मला दे. सान्वीने त्या ताईची चौकशी केली होती. अगदी आपल्या पद्धतीने केली होती. दारापुढच्या खळ्यात कोणी नवीन माणूस आला की तिची आजी जशी विचारते तसंच. तू खंयची? ताई म्हणाली, कोकणातली. मग सान्वीने विचारलं, मिठबावची काय? ताई म्हणाली, हो. म्हणजे तू प्रमिला आत्येकडची? हो हो. आत्येच्या धाकट्या जावेची मुलगी? हो, तीच. झालं. त्या बयेने स्वतःबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. पोरीनेच तिला गाव दिलं, घर दिलं, नातं दिलं आणि मग नात्यातली म्हणून विश्वास ठेवला.

मी तुला चहा बाजूला ठेवून ते वाचायला लावलं. आपण सगळेच असं करतो. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला विचारायला सुरुवात करतो आणि त्याने तोंड उघडायच्या आत आपणच त्याला कोणाचातरी भाचा करून टाकतो. अनोळखी माणसाशी बोलू नका, असा तक्ता मी लावला असता तर आपल्या वाडीत त्याचा काही उपयोगच नव्हता. कारण आपल्याकडे अनोळखी असं कोणी उरतच नाही.

पण तुझी खरी काळजी वेगळी होती. नंदू दर्यावरून आला, त्याला कळलं आणि त्याने जे आकांडतांडव केलं ते खाडीपलीकडे ऐकू गेलं. फोन आपटला. अक्षताला बोलला. सान्वीला हात लावला नाही, पण तिच्यासमोर उभा राहून इतका ओरडला की ती पोर भिंतीला चिकटली. त्याचं काय चुकलं म्हणा. घाबरलेला बाप होता. पण त्या दिवसापासून सान्वी मुकी झाली. वर्गात विचारलं तर उत्तर द्यायची, त्यापलीकडे एक अक्षर नाही. मधल्या सुट्टीत तुझ्या पायरीकडे फिरकायची नाही. तू मला म्हणालीस, "सान्वीन शिकल्यान काय म्हायत आसा? सांगितल्यार घर मोडता. आता परत काय झाला तर ता सांगाचा नाय." तुझी सुई त्या दिवशी मांडीत तशीच पडून होती. घाबरलेली तू मला तेव्हाच दिसलीस.

आणि मग तू पालकसभा बोलावलीस. विषय काय लिहू विचारलं तर म्हणालीस, लिही, न ओरडण्याचा सराव. मी म्हटलं, कोणी येणार नाही. सगळे आले. आज्यासुद्धा आल्या. त्यांना वाटलं काहीतरी नाटक आहे, आणि ते काही खोटं नव्हतं.

आधी तू सान्वीच्या आजीला वर्गाच्या दाराबाहेर खुर्चीवर बसवलंस आणि स्वतः दाराआड गेलीस. आवाज बदलून हाक मारलीस, "काकी, आसात काय घरात?"

"कोण गो? मिठबावची काय?" आजी.

"व्हय."

"प्रमिलाच्या धाकट्या जावेचा चेडू मां तू? आवाजावरनाच वळाखलंय. आवशीचो गुडघो बरो आसा काय?"

"बरो आसा."

"बस गो. घरात कोण नाय. नंदू दर्यार गेलो, अक्षता बाजारात. मी पण भायर पडतंय आता. चावी तुळशीकडल्या मडक्यात आसा, ती काढ नि आत बस. आणि जेवान जा."

तू दाराआडून बाहेर आलीस तेव्हा सभा पोट धरून हसत होती. आजी मात्र बिलकूल वरमली नाही. पदर सावरून म्हणाली, "मगे काय पावण्याक भायर उभा ठेवू?"

"उभा ठेव नको, काकी," तू म्हणालीस. "इचार. सगळा इचार. पण जबाब तेका देवंदे, आपण देव नको."

तो आपल्या शाळेचा नियमच झाला. पोरांनी त्याचा खेळ केला. एक जण दाराआड, एक जण बाहेर, आणि बाहेरच्याने चुकून स्वतःच उत्तर पुरवलं की तो बाद. खळ्यातल्या पाहुण्याला विचारतो तसंच फोनमधल्या पाहुण्याला विचारायचं. घर, शाळा, फोटो आपण द्यायचे नाहीत. आणि तुझं ते वाक्य, "जो म्हणता आवशीक सांग नको, तेचाच नाव पयला आवशीक सांगूचा." पोरं ते पावकीच्या चालीवर म्हणायची. दाराआडच्या खेळात माझा तिसरीचा वर्ग तुझ्या दुसरीपुढे हरला, आणि तू विणता विणता गालात हसलीस, ते मी बघितलं होतं.

आजीनंतर त्याच सभेत खरा सराव. तू छोट्या बाकावर पोर होऊन बसलीस आणि एकेका पालकाला समोर घेतलंस. "बाबा, फोनार कोणतरी माझो फोटो मागता." यावर त्यांनी फक्त म्हणायचं, बरा केलंस सांगितलंस. बाकी सगळं मागाहून.

देवा रे, काय एकेक मासले. एकाने "बरा" म्हटलं आणि पुढे "पण तुका फोन दिल्यान कोणी" हे आपोआप बाहेर आलं. एक जण काही न बोलता उठून फोन शोधायला निघाला. अक्षताने वाक्य पूर्ण म्हटलं, पण दात इतके आवळून की त्यापेक्षा शिवी बरी होती. आणि नंदू. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि "बरा केलंस सांगितलंस" असं गरजला की पडवीतले कावळे उडाले. त्याला परत बसवलंस. परत तेच. तो घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "बाई, माका बारीक बोलूक जमणाच नाय. इंजिनाच्या आवाजात जल्म गेलो."

तू त्याच्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "घराकडे बसान काय करतंस तू?"

"जाळा शिवतंय."

"मगे उद्या ता घेवन ये."

दुसऱ्या दिवशी तो खांद्यावर फाटक्या जाळ्याचं गाठोडं घेऊन शाळेत आला. मी कपाळावर हात मारला, पडवीभर सुक्या मासळीचा वास. तू त्याला तुझ्या पायरीवर बसवलंस, सान्वीला त्याच्या शेजारी. तू वरच्या पायरीवर क्रोशा घेऊन. तो शिवत राहिला. हात कामात गेले आणि खरंच, त्याचे खांदे उतरले. मी आतून खिडकीतून बघत होते, वर्ग सोडून, हे आता सांगायला हरकत नाही. बऱ्याच वेळाने सान्वीने खाली पडलेला सुतळीचा तुकडा उचलून त्याच्या हातात दिला. तो वर न बघता म्हणाला, "त्या दिवशी माका सांगूक भियालंस?" ती म्हणाली, "व्हय." तो म्हणाला, "मी पण भियालंय गो. म्हणान वरडलंय." आणि मग, अगदी हळू, इतकं हळू की मला ओठांवरूनच कळलं, "बरा केलंस सांगितलंस."

त्या दुपारी सान्वी वर्गात शेजारणीशी बोलली म्हणून मी तिला ओरडले. ओरडले आणि मनातून इतका आनंद झाला की तिला खडूच देऊन टाकला एक.

तर आपलं भांडण. तुझं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, रोझलिन, पण अर्धंच. मला अजून वाटतं की दुसरीतल्या पोराच्या हातात फोन नसावाच. तू म्हणायचीस, नसावा, पण असतो. मी म्हणायचे, म्हणून आपण नसावा हे म्हणायचं सोडायचं का? तू टाका घ्यायचीस. याचं उत्तर तू दिलं नाहीस. मला वाटतं तुझ्याकडे नव्हतं, आणि मला ते आवडायचं, की तुझ्याकडेही कधीतरी उत्तर नसतं. तो माझा तक्ता तू कधी काढायला लावला नाहीस. तो आहे तिथेच आहे, फक्त त्याच्याखाली तुझ्या बारीक अक्षरात एक ओळ आहे, "पण हात लावलाच, तर येऊन सांग."

आणि दुसरं, तू सगळ्या वाडीचा सराव घेतलास, माझा कधी घेतला नाहीस. मी एकदा विचारलंही. दिवाळीच्या सुट्टीआधी आपण कपाटं आवरत होतो, मी म्हटलं, "सगळ्यांका बसवलंस गो बाकार, माका कधी बसवतलंस?" तू म्हणालीस, "तुझो चालू आसा." मी म्हटलं, म्हणजे काय? तर तू विषय बदललास, यंदा फराळात करंज्या जास्त पाठव, जोकीमला आमच्या नेवऱ्यांपेक्षा तुझ्या आवडतात, हे त्याला सांगू नको मी बोलले म्हणून. मी करंज्या पाठवल्या. त्यातल्या तू किती खाल्ल्यास ते मला माहीत नाही. सुट्टी संपायच्या आतच तुझं ते झालं, रविवारी, प्रार्थनेहून घरी आल्यावर, कोणाला त्रास न देता. तेवढंही तू कोणाला सांगितलं नाहीस, की छातीत दुखतंय म्हणून. सगळ्यांना सांगायला शिकवणारी बाई. या एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर मनसोक्त ओरडणार आहे, वरती भेटलीस की. तिथे तुझा नियम चालू देणार नाही.

जोकीमने माझा करंज्यांचा डबा परत आणून दिला. रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून त्यात तुझं ते कापड घालून दिलं, सुई तशीच अडकवलेली. म्हणाला, "तूच पुरा कर." त्याला काय सांगणार, की मला साधं बटण लावता येत नाही.

शाळा उघडली. तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही, त्यामुळे पार्टिशन सरकवून चारही वर्ग माझ्याकडे. तुझी पहिली-दुसरीची पोरं माझ्याकडे अशी बघत होती की मी त्यांना खाणार आहे. मी हाक मारली की दचकायची. मला रडू येईल की काय असं झालं, पण मोठ्याने पाढे म्हणायला लावले आणि वेळ मारून नेली.

मधल्या सुट्टीत मी तुझ्या पायरीवर जाऊन बसले. कोणी येईना. पोरं लांबून बघायची आणि माडाकडे खेळायला जायची. मी डब्यातून तुझं कापड काढलं, सुई धरली, तू करायचीस तसा एक टाका घातला. ओढला तर तुझी अख्खी ओळ उसवत आली. मी घाबरून ते परत डब्यात कोंडलं. क्षमा कर, जेवढं उसवलं तेवढंच उसवलं. तसे काही दिवस गेले, पायरीवर मी आणि डबा.

काल पोषण आहाराच्या मावशी म्हणाल्या, तांदळात खडे फार आहेत आज. मी म्हटलं, द्या इकडे सूप. पायरीवर बसले आणि निवडायला लागले. आपलं ते काम मला येतं. मान खाली, बोटं तांदळात, डोक्यात काही नाही. किती वेळ गेला कोण जाणे, शेजारी कोणीतरी बसल्यासारखं झालं. सवयीने वर बघणार होते, नाही बघितलं. खालून दिसले ते पाय. एक जोडी मोठी, चौथीतली, म्हणजे सान्वी. एक जोडी अगदी बारकी, पहिलीतली गार्गी.

"बाई," सान्वी म्हणाली, "तुमी वरडाशात काय?"

"नाय गो."

"बघ, मी म्हटलंय मां तुका. सांग आता."

मग ते चिमुरडं बोललं. बाबाच्या फोनवर कार्टून बघत होती, तर मधेच एक वाईट चित्र आलं. खूप वाईट. तिने बंद केलं तर अजून एक आलं. तेव्हापासून तिला झोप येत नाही आणि तिने आईला सांगितलं नाही, कारण, "माझ्याच बोटान इला ता."

रोझलिन, माझ्या घशापर्यंत आलं होतं सगळं. त्या बापाला काय कळतं की नाही, एवढ्याशा पोरीच्या हातात फोन, भिंतीवर एवढा तक्ता लावलाय तो काय शोभेला. मी एक खडा काढून टाकला. मग अजून एक. मग खडे संपले, तर एक चांगला तांदूळच काढून टाकला.

"बरा केलंस सांगितलंस," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण खालून कुठून तरी आलेला. "तुझ्या बोटान काय एक झाला नाय. तुझा काय चुकला नाय. आवशीक मी सांगतंय, ती पण वरडाची नाय."

गार्गीने एक मोठा श्वास सोडला आणि सुपात हात घातला, तांदूळ निवडायला. मी तिच्या आईला बोलावलंय आज. निरोपात लिहिलंय, येताना हातात काहीतरी काम घेऊन या. ती म्हणेल, बाईंना वेड लागलं. लागू दे.

पण मला राहवेना. मी खालीच बघत सान्वीला विचारलं, "गो, हिका माझ्याकडे कशी काय आणलंस?"

"रोझलिनबाईंनी सांगितल्यानी. सुट्टी पडली त्या दिवशी, आमका सगळ्यांक." तिने आठवून आठवून, तुझ्यासारखंच सावकाश म्हटलं. "म्हणाल्या, मी नसलंय तर सुलभाबाईंका सांगा. त्या वरडतत. पण सांगणाऱ्यार नाय वरडणत."

तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. मी ते निवडतच राहिले, कारण वर बघितलं असतं तर पोरी घाबरल्या असत्या. तू त्यांना सांगितलंस, आणि मला सांगितलं नाहीस, आणि मी इकडे तुझ्या पायरीवर डबा घेऊन बसले होते.

बरा केलंस गो, रोझलिन. बरा केलंस सांगितलंस.